इअरफोन बदलला, आवाजही बदलला. पण सुधारला का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

मंडळी, दोन आठवडे एका गोष्टीने डोकं खाल्लंय, म्हणून हा धागा काढतोय. लांबण लागेल, आधीच माफी.

माझ्याकडे तीन वर्षं एक साधा वायरवाला इअरफोन होता. एकच डायनॅमिक ड्रायव्हर (पडदा हलवून आवाज काढणारा भाग), प्लास्टिकची बॉडी, केबल कायमची चिकटलेली. तक्रार करावी असं काही नव्हतं. बेस जरा फुगलेला होता, आणि तीन-चार वाद्यं एकत्र वाजायला लागली की सगळ्यांचा काला व्हायचा. डग्ग्याची घूम गायकाच्या आवाजावर चढून बसायची. म्हटलं आता एक पायरी वर चढू. महिना-दीड महिना परीक्षणं वाचली, आवाजाचे आलेख (कोणता सूर किती जोरात वाजतो ते दाखवणारे) पाहिले, आणि शेवटी एक हायब्रिड आयईएम (कानाच्या नळीत बसणारा, दोन प्रकारचे ड्रायव्हर असलेला इअरफोन) घेतला. बेसला एक डायनॅमिक ड्रायव्हर, वरच्या पट्टीला चार बॅलन्स्ड आर्मेचर. जुन्यापेक्षा कितीतरी पट महाग, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या रात्री कानात घातला आणि दहा मिनिटांत तोंड उतरलं. तंबोऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात, हे खरं. गायिकेने कुठे श्वास घेतला तेही कळतं. पण बेस कुठे गेला? डग्गा म्हणजे कुणीतरी पुठ्ठ्यावर टिचक्या मारतंय. आणि 'स', 'श' आले की सुई टोचल्यासारखं होतं. अर्ध्या तासात कान शिणतात. जुना इअरफोन घातला की हायसं वाटतं, आणि मग स्वतःचाच राग येतो.

ऐकतो मुख्यतः लॅपटॉपवर, रात्री काम करताना, हेडफोनच्या सॉकेटमध्ये सरळ पिन घालून. क्वचित फोनला डोंगल (हेडफोनची पिन लावायचं छोटं जोडयंत्र) लावून. फाइल्स बऱ्याचशा फ्लॅक (आवाजाची काटछाट न करता साठवलेल्या), काही जुन्या एमपीथ्री.

मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही. नाव दिलं की चर्चा ब्रँडवर घसरते आणि माझा प्रश्न तसाच राहतो. प्रश्न एवढाच: माझे कान या आवाजाला सरावलेले नाहीत, की वस्तू खराब आलीय, की मीच काहीतरी चुकतोय?

टिचकी

शंभर तास बर्न-इन करा, मग बोला. नव्या ड्रायव्हरचा पडदा ताठ असतो. रात्रभर गाणी लावून ठेवा, बेस आपोआप मोकळा होतो.

सोल्डरकाका

टिचकी, आर्मेचरमध्ये तुम्ही म्हणता तसा मोकळा होणारा पडदाच नसतो. तिथे लोखंडाची इवलीशी पट्टी चुंबकांच्या मधे हलते आणि ती हालचाल एका बारीक सळईने पत्र्याच्या पडद्याकडे जाते. डायनॅमिकमध्ये थोडाफार फरक पडतही असेल, पण 'बेस गायब' चा 'बेस हजर' होण्याइतका नाही. शंभर तासांनी मोकळं होतं ते बहुतेक वेळा ऐकणाऱ्याचं डोकं. मेंदू नव्या आवाजाला सरावतो.

रात्रपाळी, दोनच गोष्टी सांगा. कानात कुठल्या मापाच्या टिप्स (टोकाच्या मऊ टोप्या) घातल्यात? आणि लॅपटॉपऐवजी डोंगलवर ऐकलं तर फरक वाटतो का?

रात्रपाळी

काका, डब्यातून आल्या तेव्हा ज्या लावलेल्या होत्या त्याच मध्यम सिलिकॉनच्या. बदलल्या नाहीत. जुन्या इअरफोनलाही मध्यमच होत्या, तिथे नीट बसायच्या. डोंगलवर नीट लक्ष देऊन ऐकलेलं नाही, आज बघतो.

मंद्रसप्तक

माझं मत: निम्मं उत्तर 'त्याच मध्यम सिलिकॉनच्या' या तीन शब्दांत आहे.

इन-इअरचा बेस हा ड्रायव्हर आणि कानाचा पडदा यांच्या मधे कोंडलेल्या हवेचा खेळ आहे. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबला की जोर लागतो; बोट जरा सैल केलं की दट्ट्या भुस्सकन खाली जातो. टिपच्या कडेला केसाएवढी फट राहिली तरी खालच्या पट्टीतला दाब तिथून निसटतो. वरच्या पट्टीला त्या फटीचा फारसा त्रास नसतो. म्हणजे बेस जातो, ट्रेबल तसाच राहतो, आणि आपण म्हणतो इअरफोन कर्कश आहे. तुमचं वर्णन तंतोतंत हेच आहे.

'जुन्याला मध्यम बसायच्या' याला अर्थ नाही. जुन्याची नोझल, म्हणजे टिप जिच्यावर बसते ती नळी, बारीक आणि लांब असेल, या नव्याची बॉडी जाड आहे. पाच ड्रायव्हर मावायचे म्हणजे ती असणारच. तीच टिप जाड नोझलवर ताणून बसते, आणि जाड बॉडी कानाच्या वाटीत आधीच अडकली की नोझल आतपर्यंत पोचत नाही.

आज रात्री एवढं करा. फोनवर ४० हर्ट्झचा सलग सूर लावा, टोन जनरेटरची फुकट अ‍ॅप्स ढिगाने आहेत. आवाज कमी ठेवा. आता एका बोटाने इअरफोन हलकेच आत दाबा. दाबल्याबरोबर सूर एकदम भरून आला आणि बोट काढल्यावर पुन्हा पातळ झाला, तर सील नाही. एकेका कानाचं वेगळं बघा, कारण दोन्ही कान सारखे असतात हा गैरसमज आहे. मग तोंड उघडून मिटा. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. तेवढ्याने सूर तुटत असेल तर टिप लहान पडतेय किंवा फार कडक आहे.

घालायचीही रीत आहे. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून न्यायचा, उजवा कान वर आणि मागे ओढायचा, मग इअरफोन जरा फिरवत आत सरकवायचा आणि कान सोडायचा. कारखान्यात कामगारांना इअरप्लग घालायला असंच शिकवतात. दिसायला वेडगळ, पण नळी सरळ होते.

टिचकी

डोक्यावरून हात नेऊन कान ओढायचा? शाळेत मास्तर ओढायचे त्याची आठवण झाली. (करून बघितलं. फरक आहे. गप्प बसतो.)

रात्रपाळी

मंद्रसप्तक ताई, साष्टांग नमस्कार.

४० हर्ट्झचा सूर लावला. डाव्या कानात घुमला. उजव्यात काहीच नाही, म्हणजे अक्षरशः लांबच्या खोलीत पंखा चालू असावा तसा. बोटाने दाबल्यावर एकदम कानात ढोल वाजला. म्हणजे दोन आठवडे मी उजव्या कानाने गळक्या नळाखाली बसलो होतो.

डब्यात तीन मापं होती. मोठी लावली, तर ती कानाच्या तोंडाशीच दुमडली आणि परिस्थिती आणखी बिघडली. मग उगाच म्हणून लहान लावली, आणि ती खोल जाऊन बसली! मला वाटायचं फट राहते म्हणजे मोठी टिप हवी. माझ्या उजव्या कानाला लहान आणि डाव्याला मध्यम बसते. आता डग्गा डग्ग्यासारखा वाजतोय. 'स' ची सुईही थोडी बोथट झालीय, याचं कारण मात्र कळलं नाही. बेस वाढला म्हणून ट्रेबल कमी वाटतो का?

आलेखवेडा

थोडं ते, आणि थोडं इअरफोन खोल बसल्यामुळे. टिप आणि कानाचा पडदा यांच्यात जी नळी उरते तिचा स्वतःचा अनुनाद (एका ठरावीक सुराला जास्त घुमणं) असतो. नळी लांब उरली, म्हणजे इअरफोन वरवर बसला, की तो अनुनाद खाली सरकतो आणि नेमका 'स-श' च्या पट्टीत येऊन बसतो. आत सरकवला की तो वर जातो आणि तितका बोचत नाही.

परीक्षणांतल्या आलेखांमध्ये ८ किलोहर्ट्झच्या आसपास जो सुळका दिसतो, तो बऱ्याच वेळा याच प्रकारातला. मोजायला जो धातूचा कृत्रिम कान वापरतात त्याचं प्रमाण आयईसी ६०३१८-४, पूर्वीचं नाव ७११. त्यात इअरफोन किती खोल घालायचा हे ठरवताना तो सुळका मुद्दाम ८ किलोहर्ट्झवर आणून ठेवतात, म्हणजे वेगवेगळ्या मापनांची तुलना करता येते. तो सुळका इअरफोनमध्ये तिथेच आहे असं नाही, आणि तुमच्या कानात तर नक्कीच तिथेच नसणार. त्याच्या पुढचा आलेख मी मनावर घेत नाही.

लोक हरमन कर्व्हला (इअरफोन कसा वाजावा याचा नमुना आलेख) वेदवाक्य मानतात, त्याबद्दलही एक. हरमन कंपनीतले संशोधक शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांच्या गटाने ऐकणाऱ्यांना बसवून, त्यांना काय आवडतं हे तपासत तो काढला. इन-इअरची सुधारित आवृत्ती २०१९ची. ती आवडीनिवडीची सरासरी आहे. सरासरी मापाचा शर्ट बऱ्याच जणांना बरा बसतो, पण बाही आखूड की लांब ते अंगात घातल्यावरच कळतं. त्यातही बेस किती हवा यावर ऐकणाऱ्यांत सगळ्यात जास्त मतभेद. ३ किलोहर्ट्झपाशी जो चढ दिसतो त्याला मात्र घाबरू नका. उघड्या कानाची सुमारे अडीच सेंटिमीटरची नळी तिथला आवाज नैसर्गिकरीत्याच वाढवते. इअरफोन ती नळी बुजवतो, म्हणून तो चढ त्याला स्वतःहून भरून द्यावा लागतो. आलेख सपाट असलेला इअरफोन प्रत्यक्षात बुजलेला, गोधडीखालून आल्यासारखा वाजतो.

जुनाखोड

खोल घालण्यावरून आठवलं. माझा पहिला खरा इअरफोन ईटिमोटिकचा ईआर-४. तो १९९१मध्ये बाजारात आला, मी बराच नंतर घेतला. एकच बॅलन्स्ड आर्मेचर, आणि तीन छत्र्या एकावर एक रचल्यासारखी टिप. ती इतकी आत जायची की पहिल्या दिवशी घाम फुटला. पण बाहेरचं जग बंद. बेस मोजकाच, ज्यांना थरथर हवी त्यांच्यासाठी तो नव्हेच, पण मध्यसप्तकातला आवाज इतका सरळ की नंतर पाच-सहा ड्रायव्हरवाले घेऊनही मी त्याच्याकडे परत गेलो. ड्रायव्हरची संख्या मोजून खरेदी करणारे लोक मला स्वयंपाकी मोजून पंगत निवडणाऱ्यांसारखे वाटतात. जास्त ड्रायव्हर म्हणजे मधे क्रॉसओव्हर (कुठली पट्टी कुठल्या ड्रायव्हरला ते वाटून देणारं सर्किट), आणि प्रत्येक सांध्यावर सांभाळायला नवी कटकट.

हे आर्मेचर मुळात श्रवणयंत्रांसाठी बनले. बोलणं स्पष्ट ऐकू यावं हा त्यांचा पिंड.

सोल्डरकाका

रात्रपाळी, सील झालं हे उत्तम. पण डोंगलचं उत्तर राहिलं.

रात्रपाळी

तेच लिहायला आलो. काल फोनला अ‍ॅपलचं ते छोटं यूएसबी-सी डोंगल लावून ऐकलं. तीच फाइल, त्याच टिप्स. लॅपटॉपपेक्षा भरीव वाटतो. जुना इअरफोन मात्र दोन्हीकडे अगदी सारखा. आधी वाटलं भास असेल, म्हणून बायकोला ऐकवलं. तिला या विषयात काडीचा रस नाही. ती म्हणाली, "लॅपटॉपवर बाई नाकात गातेय." हे काय गौडबंगाल?

सोल्डरकाका

वहिनींचा कान पक्का आहे. बसा, हे जरा सविस्तर सांगतो, कारण 'डॅक बदलला आणि चमत्कार झाला' (डॅक म्हणजे डिजिटल फाइलचा विद्युतसंकेत करणारी चिप, ती डोंगलमध्येही असते) अशा कथांत जे खरं असतं ते पुष्कळदा एवढंच असतं.

प्रत्येक हेडफोन सॉकेटला स्वतःचा आतला अवरोध असतो, त्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. तो इअरफोनच्या अवरोधाशी व्होल्टेज वाटून घेतो. इअरफोनच्या डब्यावर '१५ ओहम' लिहिलेलं असतं ते साधारणपणे १ किलोहर्ट्झवरचं. एका डायनॅमिक ड्रायव्हरचा अवरोध सगळ्या पट्टीत जवळपास तेवढाच राहतो. तुमच्या हायब्रिडचा राहत नाही. आर्मेचर आणि क्रॉसओव्हर मिळून तो कुठे दरीत जातो, कुठे डोंगरावर.

उदाहरणाला समजा, तो एका ठिकाणी ८ ओहम आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ४०. सॉकेटचा अवरोध १० ओहम असेल तर पहिल्या जागी इअरफोनला ८ भागिले १८, म्हणजे ४४ टक्के व्होल्टेज मिळतं. दुसऱ्या जागी ४० भागिले ५०, म्हणजे ८० टक्के. दोन्हीतला फरक ५ डेसिबल. इक्वलायझरला कुणी हात न लावता एक पट्टी ५ डेसिबलने दाबली गेली! तेच सॉकेट १ ओहमचं असेल तर ८९ आणि ९८ टक्के, फरक १ डेसिबलहूनही कमी. तुमचा जुना इअरफोन दोन्हीकडे सारखा वाजतो, कारण त्याचा अवरोध सपाट आहे. त्याला सॉकेटचा काही फरक पडत नाही.

इअरफोनच्या सगळ्यात कमी अवरोधाच्या आठव्या हिश्शापेक्षा सॉकेटचा अवरोध कमी असावा, हा त्यावरचा ठोकताळा. प्लेनर (सपाट, पातळ पडद्याचा) ड्रायव्हर असता तर ही भानगड नव्हती, त्यांचा अवरोध जवळजवळ सरळ रेषेत असतो.

खात्री करायची तर मोजा. मल्टिमीटर मिळेल?

रात्रपाळी

शेजाऱ्यांकडे आहे. कसं मोजायचं?

सोल्डरकाका

लॅपटॉपवर ५० हर्ट्झचा सूर लावा. साधे मल्टिमीटर याच पट्टीत बरोबर एसी व्होल्ट दाखवतात, १ किलोहर्ट्झवर काही काही गोंधळतात. एक जुनी फुकट गेलेली इअरफोनची केबल कापा, पिनच्या बाजूच्या तारा सोला. डाव्या चॅनेलची तार आणि ग्राउंड (दोन्ही चॅनेलची सामाईक तार) यांत व्होल्टेज मोजा. मग त्याच दोन तारांत ३३ ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजा. पहिला आकडा भागिले दुसरा, त्यातून १ वजा, गुणिले ३३. झालं. तारांच्या वार्निशचा थर लायटरने जरा जाळावा लागतो, नाहीतर मीटर शून्य दाखवतो आणि माणूस लॅपटॉप मेला म्हणून घाबरतो. मी घाबरलो होतो.

रात्रपाळी

काका, मोजलं! वार्निशचं वाचूनही मीटर शून्य दाखवत होता, कारण मी ग्राउंड समजून उजव्या चॅनेलची तार धरली होती आणि दोन्हीकडे सूर सारखाच. शेवटी तांबड्या रंगाची सोडून उघडी तांब्याची धरली.

रेझिस्टरशिवाय ०.६२ व्होल्ट. रेझिस्टर लावल्यावर ०.४७. म्हणजे हिशोबाने साडेदहा ओहम. तुमच्या उदाहरणाच्या किती जवळ! आता लॅपटॉपलाही डोंगलच लावतो.

बिनतारी

एवढा खटाटोप वाचून दमलो. मी तर तारवाले सोडून दिले. डॅक, अ‍ॅम्प, टिप, केबल सगळं एका डबीत. कंपनीनेच ड्रायव्हर, अ‍ॅम्प आणि ईक्यू (इक्वलायझर) एकमेकांशी जुळवून दिलेलं असतं, त्यामुळे काकांचा तो अवरोधाचा प्रश्नच उद्भवत नाही. कोडेकवरून (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या पद्धतींवरून) उगाच डोकेफोड होते. एसबीसी ३२८ केबीपीएसपर्यंत जातं, एलडॅक ९९० पर्यंत, पण गर्दीत फोन आपणहून ते खाली आणतो. आयफोनवर तर एलडॅक नाहीच, एएसी चालतं, आणि चांगलं चालतं. टिपचं मात्र पटलं. एएनसी (बाहेरचा गोंगाट खोडून काढायची सोय) खालचा घरघराट मारतं, वरच्या पट्टीचा गोंगाट शेवटी टिपलाच अडवावा लागतो.

जुनाखोड

बिनतारी, सगळं खरं. फक्त ती बॅटरी. दोन-तीन वर्षांनी ती निम्म्यावर येते आणि चांगला ड्रायव्हर तिच्याबरोबर कचऱ्यात जातो. माझा ईआर-४ तिसऱ्या केबलवर आहे.

चांदीवाला

केबलचा विषय निघालाच आहे तर: धागाकर्त्याने चांदीची केबल घेऊन बघावी. ट्रेबल उघडतो.

सोल्डरकाका

त्याचा ट्रेबल आधीच उघडा होता, म्हणून तर हा धागा निघाला. केबल तुटली, कडक झाली, कपड्यावर घासून खरखरायला लागली तर जरूर बदला. फक्त बॉडीकडचा जोड ०.७८ मिलिमीटरची टू-पिन आहे की एमएमसीएक्स ते बघून घ्या.

चांदीवाला

ऐकल्याशिवाय बोलू नये माणसाने.

आलेखवेडा

ऐकूनच बोलू. पण ऐकताना डोळे बांधून, आणि आवाजाची पातळी जुळवून. हे दुसरं कुणीच करत नाही. एक-दोन डेसिबलने मोठा वाजणारा इअरफोन 'मोठा' वाटत नाही, 'जास्त तपशील', 'जास्त जिवंत' वाटतो. कानाची खोडच तशी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच दाखवलं की पातळी बदलली की आपल्याला बेस आणि ट्रेबलचं प्रमाणही बदललेलं वाटतं. दुकानात दोन इअरफोन एकाच व्हॉल्यूमवर ऐकून 'हा भारी' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा ज्याची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच व्हॉल्यूमवर मोठं वाजणं) जास्त तोच घेऊन येतो.

माझी पद्धत: पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्या एकत्र असलेला सलग खरखराट) लावायचा, एक इअरफोन ऐकायचा, दुसरा घालून तेवढाच भासेपर्यंत व्हॉल्यूम फिरवायचा, आणि दोन्ही खुणा कागदावर लिहून ठेवायच्या. १ किलोहर्ट्झच्या सुराने जुळवू नका. एकाचा तिथेच खड्डा असेल तर सगळंच चुकतं.

फ्लॅक की एमपीथ्री याचंही असंच. फूबार२००० या प्लेअरमध्ये एबीएक्सची (कुठली फाइल वाजतेय ते न बघता ओळखायच्या चाचणीची) सोय आहे. १६ वेळा ओळखा. १२ बरोबर आले तर ते नुसत्या अंदाजाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असते. ३२० केबीपीएसवर माझे ९ आले. त्या दिवसापासून प्रवासासाठी एमपीथ्री आणि तोंडाला कुलूप.

रात्रपाळी

पातळी जुळवून दोन्ही ऐकले. आता प्रामाणिकपणे: नवा चांगला आहे. मृदंग आणि तबला एकत्र असलेल्या ध्वनिमुद्रणात जुन्यात कोण काय वाजवतंय ते ओळखावं लागायचं, आता बोट ठेवून दाखवता येतं. पण एक गोष्ट राहिलीच. टिप झाली, डोंगल झालं, तरी काही आवाजांत, विशेषतः स्त्री-स्वर आणि झांजा, अजून थोडंसं बोचतं. आता काय, विकून टाकू?

मंद्रसप्तक

विकता कशाला, ईक्यू करा. लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ, फोनवर पॅरामेट्रिक (हवी ती जागा नेमकी निवडायची) सोय असलेलं कुठलंही अ‍ॅप.

आधी बोचतं कुठे ते शोधा. टोन जनरेटरवर ३ किलोहर्ट्झपासून १० पर्यंत अगदी सावकाश सरकत जा, आवाज हळू ठेवून. एका ठिकाणी सूर एकदम उसळून कपाळात जाईल. पुढे-मागे करून नेमकी जागा पकडा. दुसऱ्यांच्या आलेखावरून जागा उचलू नका, आलेखवेड्यांनी सांगितलंच आहे की ती प्रत्येकाच्या कानात वेगळी असते. तिथे पीक फिल्टर (तेवढ्याच जागेपुरता कमी-जास्त करणारा) लावा, उणे ३ डेसिबल, क्यू (पट्टा किती अरुंद ते) २. ऐका. मग गरज पडली तर अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने पुढे.

बेस वाढवायचा मोह झाला तर १०० हर्ट्झच्या खाली लो शेल्फ (खालची सगळी पट्टी उचलणारा फिल्टर), दोन डेसिबल, आणि जेवढं वाढवलं तेवढाच एकूण पातळीचा प्रीअ‍ॅम्प उणे. नाहीतर आवाज फाटेल आणि पुन्हा इथे येऊन इअरफोनला शिव्या द्याल.

चांदीवाला

ईक्यू म्हणजे कलाकाराच्या मूळ आवाजात भेसळ.

मंद्रसप्तक

इअरफोनच्या आतला क्रॉसओव्हर, नोझलमधली जाळी, नळीतला फोमचा तुकडा हे सगळे ईक्यूच आहेत हो, फक्त कंपनीने लावलेले. तिने तिच्या मोजायच्या कानासाठी लावले, मी माझ्यासाठी लावते.

गुंतावायर

मधेच घुसतेय, वेगळा धागा काढत नाही. माझा उजवा इअरफोन महिनाभर हळूहळू बारीक वाजतोय. गायक डावीकडे सरकलाय. नवीन घेऊ का?

सोल्डरकाका

थांबा. आधी दोष कुणाचा ते ठरवा, तीन मिनिटांचं काम आहे. केबल निघते ना? डावी बॉडी उजव्या तारेला लावा आणि उजवी डाव्या तारेला. दोष बॉडीबरोबर सरकला तर बॉडी. तारेबरोबर राहिला तर केबल किंवा सॉकेट. आणि काहीही केलं तरी उजव्या कानातच बारीक राहिला तर कान. मग इअरफोनवाल्याकडे नाही, कानाच्या डॉक्टरांकडे जायचं.

गुंतावायर

बॉडीबरोबर सरकला.

सोल्डरकाका

आता ती टिप काढा आणि नोझलची जाळी उजेडात तिरकी धरून बघा.

गुंतावायर

ईईई. अर्धी जाळी पिवळट मेणाने लिंपलीय. डावी चकचकीत.

सोल्डरकाका

नोझल जमिनीकडे करा, म्हणजे मळ आत न पडता खाली पडेल. कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडा. भिंतीला पोस्टर चिकटवायची लगद्यासारखी पुट्टी असेल तर तिचा गोळा जाळीवर टेकवून उचला, मेण तिला चिकटून येतं. सुई नको, फुंकर नको, पाणी तर नकोच. जाळी फाटली तर आवाज कायमचा बदलतो, कारण तीही ट्रेबलला लगाम घालत असते.

गुंतावायर

गायक मधे आला! काका, नव्या इअरफोनचे पैसे वाचवलेत.

टिचकी

मीपण माझी जाळी बघितली. त्याबद्दल लिहिणार नाही.

शांतताप्रिय

कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सील नीट झालं की बाहेरचा आवाज अडतो आणि व्हॉल्यूम आपसूक खाली येतो, माझ्या लेखी टिपचा खरा फायदा तोच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८३ला २०, ८६ला १०, ८९ला ५ तास. रात्रपाळीवाल्यांनी रोज सहा-सात तास ऐकायचं असेल तर हे गणित पाठ करा. माझ्या डाव्या कानात कायमची शिटी वाजते, तिच्यावर कुठला ईक्यू चालत नाही.

रात्रपाळी

शांतताप्रिय, हे वाचून व्हॉल्यूम दोन पायऱ्या खाली आणला. सुरुवातीला मिळमिळीत वाटलं, पंधरा मिनिटांत कान लागला.

बाकीचा अहवाल: माझ्या कानात सूर उसळतो तो ६.२ किलोहर्ट्झला. उणे ३ डेसिबलने काम भागलं. लो शेल्फ लावला होता, दोन दिवसांनी काढून टाकला, सीलनंतर त्याची गरज नव्हती. काल रात्री तीन तास सलग ऐकलं आणि इअरफोन कानात आहे हे विसरून पाणी प्यायला उठलो, तर लॅपटॉप टेबलावरून ओढला गेला. वाचला.

जुना इअरफोन बायकोने घेतला. तिला त्याचा बेस आवडतो.

आता एकच अडचण. पाकिटात प्रत्येक मापाची एक-एक जोडी येते. मला उजवीकडे लहान आणि डावीकडे मध्यम लागते, त्यामुळे एक लहान आणि एक मध्यम न वापरता पडून आहेत. त्याही खराब झाल्या की अख्खं पाकीट घ्यायचं का?

गुंतावायर

माझं बरोब्बर उलटं आहे. उजवीकडे मध्यम, डावीकडे लहान. नोझल कितीची आहे तुमची? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.